कपितान आणि वाटाड्या

मैत्री आणि रानवाटांचा भव्य चित्रपट कसा करावा, हा प्रश्न मला आगरदांड्याला आलो की हटकून पडतो. इथे एका अंगाला राजपुरीची खाडी आणि पलीकडे दिघी. दुसऱ्या अंगाला, मुरूड ओलांडले की फणसाडचे रान. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य झाले. आतल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. कोणत्या गाणावर भर उन्हाळ्यात पाणी टिकते, हे नकाशा सांगत नाही; त्यासाठी जाणता माणूस सोबत लागतो.

त्या सोबतीचा चित्रपट अकिरा कुरोसावाने केला: ‘देरसू उझाला’. १९७१ मध्ये त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला होता, जपानमध्ये पैसा उभा राहत नव्हता. अशा वेळी सोव्हिएत रशियाने त्याला बोलावले. उसुरी खोऱ्याची मोजणी करणारा लष्करी अधिकारी आर्सेन्येव आणि त्याचा वाटाड्या देरसू, ही खरी माणसे. सत्तर मिलिमीटरच्या फितीवर, प्रत्यक्ष तैगात चित्रित झालेला हा चित्रपट १९७५ मध्ये आला आणि त्याला ऑस्कर मिळाले.

त्यातला खांका सरोवराचा प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गोठलेल्या पसाऱ्यात दोघे वाट चुकतात, सूर्य कलतो, वारा सुटतो. देरसू एकच हुकूम सोडतो: गवत काप. आर्सेन्येव, म्हणजे देरसूचा ‘कपितान’, कोसळेपर्यंत कापतो. मग मोजणीच्या यंत्राची तिपाई उभी राहते, तिच्यावर गवत रचले जाते आणि त्या खोपटात रात्र निभावते. जमीन मोजायला आणलेली वस्तू जीव वाचवायला लागली. कोण साहेब, कोण वाटाड्या, हा हिशेबही त्या रात्री उलटला. दोघांच्या तोंडी मैत्रीचा एक शब्द नाही.

पण कुरोसावा भाबडा नाही. चित्रपटाची सुरुवात १९१० मधली: आर्सेन्येव मित्राची कबर शोधतो आहे, आणि खुणेची झाडे वस्तीसाठी तोडली गेली आहेत. मोजणीपाठोपाठ वस्ती येते. देरसूचा जीव जातो तोही मित्राने प्रेमाने दिलेल्या नव्या बंदुकीपायी. अशा मैत्रीत एकाच्या पाठीशी सरकार असते, दुसऱ्याच्या पाठीशी फक्त रान. हे झाकणारा चित्रपट कितीही देखणा असला, तरी तो मला खोटा वाटेल.

आपल्याकडेही अशी जोडी होऊन गेली. वनाधिकारी मारुती चितमपल्ली आणि नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार. शिकलेला अधिकारी गावच्या माणसाकडून रान शिकला आणि ते ऋण त्याने पुस्तकांतून मोकळेपणाने मांडले. नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले तेही १९७५ मध्येच. या दोघांवर मराठीत मोठा चित्रपट व्हायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

फणसाडवर कुणी असे काही करायला घेतले, तर शेकरू आणि बिबट्याची दृश्ये मिळतीलही. खरी कसोटी वाटाड्याच्या निवडीची. देरसूच्या भूमिकेसाठी कुरोसावाने मॉस्कोतला नामवंत नट घेतला नाही. सायबेरियातल्या तुवाचा माक्सिम मुंझुक घेतला. इथे तो माणूस कातकरी असावा, त्याच्याच बोलीत बोलावा, आणि नावही त्याचेच चित्रपटाला मिळावे. दिग्दर्शकाने आधी त्याच्यासोबत एक आख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा या रानात काढावा. पटकथा त्यानंतर लिहावी.