टाकाऊ ते कोणाचे?

सोलापूर जिल्ह्यात तुरीची मळणी आटोपली म्हणजे बांधावर तुरकाट्यांचे ढीग पडतात. धान्य घरी आले, आता उरले ते टाकाऊ, असे आपण सहज म्हणतो. ह्या शब्दाविषयीच एक शंका वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

आमच्या परसातील काळी जमीन पावसात चिकट होऊन मुळांचा श्वास कोंडते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून वीतभर उंचीचा वाफा करण्याचे आम्ही मनात आणले. बाभळीच्या मेखा हातहात अंतराने ठोकल्या. तुरकाट्या रात्रभर भिजवून, कणगी विणतात त्याप्रमाणे, एका मेखेच्या आतून व दुसरीच्या बाहेरून गुंफल्या. शेणमातीने लिंपून आत तळ्याचा गाळ, पाचोळा व शेणखत भरले. (आपल्याकडे ह्याहून उंच वाफा करू नये, तो लवकर सुकतो.) वीट नाही, सिमेंट नाही, पैचा खर्च नाही, म्हणून आम्ही मनात फुशारलोही होतो.

तोच वस्तीवरील एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. "औंदा तुरकाट्या न्हाईत व्हय, अण्णा?" एवढेच ती बोलली. दरवर्षी त्या ढिगातून ती चुलीपुरता भारा नेत असे. गावात गॅस आला आहे खरा, पण सिलिंडर भरून आणण्यास रोख पैसा लागतो.

शेत आमचे, पेरणी आमची, तेव्हा काडीही आमचीच, हे कायद्याने खरे. शिवाय वाफ्यातील काडी दोनतीन वर्षांत कुजून मातीसच मिळते. चुलीत तिची घटकेत राख होते व धुराने डोळे जातात. हाही युक्तिवाद खोटा नाही. परंतु जिच्यावर आम्ही इतकी वर्षे हक्क सांगितला नाही, ती वस्तू उपयोगाची दिसताच आमची झाली, हे कसे? शेताच्या कडा कापू नयेत, सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा, असे मोशेच्या नियमशास्त्रात आहे. तेथे मालकाच्या औदार्याची गोष्ट नाही, आज्ञा आहे. धान्याच्या सरव्यास जो नियम तो काडीस नाही, असे म्हणणे आम्हांस जड गेले.

पुढील वाफे आम्ही ओढ्याकाठच्या निरगुडीच्या ओल्या फोकांनी विणले. निरगुडीस शेळी तोंड लावीत नाही, आणि छाटली तरी ती पुन्हा फुटते. ओढा तरी कोणाचा, असे कोणी विचारील. त्याने खुशाल विचारावे. पुढल्या मळणीनंतर ढीग बांधावर तसाच ठेवला व बाईने आपला भारा नेला. तो तिने दान म्हणून नेला की हक्क म्हणून, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे की नाही, ह्याविषयी आमच्या घरातच अद्याप एकमत नाही.