दोर धरणारा कोण?



आपल्या घरांतील बरीच मुले आता शिकण्यासाठी दूर जातात. कुणी पुण्याला, कुणी थेट इंग्लंड-कॅनडाला. फोनवर जेवणाची चौकशी होते, फीची होते. पण तिथे तुझे माणूस कोण, हे विचारायचे राहून जाते. परक्या शहरात परका माणूस आपला कधी होतो? या प्रश्नाचे एक उत्तर आम्हाला अनपेक्षित ठिकाणी सापडले : प्रस्तरारोहणाच्या कृत्रिम भिंतीपाशी.

या भिंतींची एक सुरुवात कॉलेजातच झाली. १९६४ साली इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांनी एका कॉरिडॉरच्या भिंतीत दगड बसवले आणि विद्यार्थी तिथे चढाईचा सराव करू लागले. आता जगभरच्या अनेक विद्यापीठांत अशा भिंती आहेत. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तर हा खेळ पदकांपर्यंत पोहोचला.

त्यातला बोल्डरिंग हा प्रकार पाहा. भिंत बेताच्या उंचीची, दोर नाही, खाली जाड गाद्या. चढण्याच्या प्रत्येक वाटेला 'प्रॉब्लेम' म्हणतात, जणू गणितच! एक प्रयत्न फार तर मिनिटभराचा; मग बोटे थकतात आणि बराच वेळ खाली बसावे लागते. बसलेली माणसे दुसऱ्याची चढाई बघतात, बोलतात. आमच्या मते निम्मे श्रेय या सक्तीच्या विश्रांतीचे आहे. बुजऱ्या मुलाला "माझ्याशी मैत्री करशील का?" असे विचारता येत नाही. "डावा पाय कुठे ठेवलास?" हे मात्र विचारता येते. त्यासाठी नाव, गाव, जात, मार्क काहीच सांगावे लागत नाही.

उंच भिंतीवर दोर येतो. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर वरच्या कडीतून फिरून खाली उभ्या जोडीदाराच्या हाती येतो. चढण्यापूर्वी दोघे एकमेकांना तपासतात : पट्ट्याचे बक्कल, आठाच्या आकाराची गाठ, दोर अडवणारे उपकरण. वर्षानुवर्षे चढणारेही हे करतात आणि कुणाला राग येत नाही. (आपल्याकडे मंडळाचा हिशेब मागितला, की लगेच "आमच्यावर विश्वास नाही का?") वजनसुद्धा खरे सांगावे लागते, कारण जड माणूस निसटला तर दोर धरणारा हलका जोडीदार जमिनीवरून वर उचलला जातो. म्हणजे इथला विश्वास ही नुसती भावना नव्हे. तपासणे हाही विश्वासाचाच भाग आहे.

पण हा समाज खरा की सोयीचा? ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले : उपयोगाची, आनंदाची आणि सद्गुणाची. पहिल्या दोन त्याला टिकाऊ वाटत नाहीत; उपयोग सरला, की मैत्री सरते. भिंतीवरची मैत्री सुरू तरी उपयोगानेच होते, हे मान्य केले पाहिजे. शिवाय बाहेरच्या क्लबांत प्रवेशाचे पैसे पडतात, म्हणजे दाराशी गाळणी आहेच. तरीही आम्ही ॲरिस्टॉटलशी थोडे भांडू. खऱ्या मैत्रीला काळ आणि सहवास लागतो, असे तोच म्हणतो. उपयोगाचे निमित्त नसेल, तर एकट्या मुलाला तो सहवास मिळायचा कुठून?

तुरिनचे संत पिएर जॉर्जो फ्रासाती हे अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. मित्रांची टोळी जमवून डोंगर चढायचे आणि गरिबांच्या घरीही जायचे. १९२५ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी ते वारले. अंत्ययात्रेला शहरातील गोरगरीब लोटले, तेव्हा घरच्यांना प्रथमच कळले, की आपल्या मुलाची माणसे किती होती. २०२५ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

चढणाऱ्यांच्या बोटांतील ऊतींना अनेकदा इजा होते. मग आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने भिंत बंद. त्या काळात तो मुलगा कुणाच्याच उपयोगाचा नसतो. मात्र गादीवर बसून दुसऱ्याला डावा पाय कुठे ठेवायचा, हे तो सांगू शकतो. शनिवारी त्याला कुणी फोन करून "नुसता ये, बस" म्हणते का, तेवढे बघायचे.