बोलपटांतील मंत्रघोष

संस्कृत भाषा मृत झाली असें म्हणणाऱ्यांची संख्या आमच्या सुशिक्षितांत लहान नाहीं. तथापि गेल्या पंचवीस वर्षांत ही मृत भाषा जितक्या निरनिराळ्या देशांतील लोकांच्या कानांवर पडली, तितक्यांच्या कानांवर ती जिवंत असतांना तरी पडली असेल कीं काय, याची आम्हांस शंका वाटते. नवलाची गोष्ट ही कीं, हें कार्य कोणत्याहि पाठशाळेनें अगर विद्यापीठानें केलेलें नसून अमेरिकन बोलपटांनीं केलेलें आहे.

१९९९ सालीं 'स्टार वॉर्स' या चित्रमालिकेंतील 'द फँटम मेनेस' हा भाग प्रसिद्ध झाला. त्यांतील अखेरच्या द्वंद्वयुद्धासाठीं जॉन विल्यम्स यांनीं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा व लंडन व्हॉइसेस हा गायकसमूह यांच्याकडून जी रचना वठवून घेतली, तिचे बोल संस्कृत आहेत. एका प्राचीन वेल्श युद्धकाव्याचा जो इंग्रजी अनुवाद रॉबर्ट ग्रेव्हज या कवीनें आपल्या १९४८ सालच्या 'द व्हाइट गॉडेस' या ग्रंथांत दिला आहे, त्यांतील एका चरणयुग्माचें विल्यम्स यांनीं संस्कृतांत भाषांतर करविलें आणि मग त्यांतील शब्द नादाच्या सोयीप्रमाणें मागेंपुढें करून, पुनःपुन्हां योजून, समूहाच्या मुखीं घातले. संस्कृतच कां, याचें कारण त्या भाषेंतील स्वरांचा घाट त्यांस आवडला, एवढेंच. पुढें चारच वर्षांनीं, २००३ सालीं, 'द मेट्रिक्स रेव्होल्यूशन्स' या चित्रपटांत डॉन डेव्हिस यांनीं याहून मोठें धाडस केलें. नायक निओ व त्याचा प्रतिस्पर्धी स्मिथ यांच्या पावसांतील शेवटच्या युद्धास त्यांनीं बृहदारण्यकोपनिषदांतील ती प्रसिद्ध प्रार्थना योजिली, जिच्यांत उपासक असतापासून सताकडे, तमापासून ज्योतीकडे, मृत्यूपासून अमृताकडे नेण्याची याचना करतो. या रचनेचें नांव नायकाचें नांव आणि वागनरच्या १८७६ सालच्या 'गॉटरडॅमरुंग' या संगीतनाटकाचें नांव यांची सांधेजोड करून बनविलेलें आहे. चित्रपट संपून नामावळी सरकूं लागली म्हणजे त्याच प्रार्थनेला विजेवरील तालध्वनींची जोड देऊन 'जूनो रिॲक्टर' या मंडळीसह केलेली दुसरी एक रचना ऐकूं येते. तिला 'नवरस' असें नांव आहे! भरतमुनींचे आठ कीं नऊ, हा वाद आपल्याकडे अद्याप मिटलेला नाहीं. तिकडे तो परस्पर मिटलेला दिसतो.

या संगीताचे तीन घटक आहेत: वाद्यवृंद, समूहगान आणि विद्युत्-ध्वनि. पहिल्याची युरोपांतील परंपरा जुनी आहे. तिसऱ्याला मात्र बोलपटांत मान मिळण्यास वेळ लागला. १९५६ सालीं 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटाचें सारें संगीत लुई व बीबी बॅरन या दांपत्यानें विजेच्या मंडलांतून निर्माण केलें, तेव्हां नामावळींत त्याला 'संगीत' म्हणण्यांत आलें नाहीं. 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असें गुळमुळीत नांव देण्यांत आलें. आज या दोहोंची इतकी सरमिसळ झाली आहे कीं, खर्जांतला घुमारा तंतुवाद्यांचा कीं यंत्राचा हें तयार कानालाहि सांगतां येऊं नये. पण मधला घटक, म्हणजे माणसांचा समुदाय एकमुखानें कांहीं म्हणत आहे ही गोष्ट, या दोहोंपेक्षां निराळी आहे. वाद्य वाजलें म्हणजे आपण म्हणतों, काय सुंदर वाजलें. माणसें एकत्र बोलूं लागलीं म्हणजे आपण विचारतों, काय बोलत आहेत? आणि प्रेक्षागृहांतील हजारांत नऊशें नव्याण्णव लोकांना या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसतें. तें ठाऊक नसावें अशीच योजना असते.

येथें नीतीचा प्रश्न उत्पन्न होतो. ज्या शब्दांत एका समाजाची श्रद्धा सांठवलेली आहे ते शब्द केवळ नादासाठीं वापरणें यांत कांहीं अन्याय आहे काय? असल्यास तो कोणावर होतो?

आमचे धार्मिक स्नेही म्हणतात, उघड उघड विटंबना आहे. आमचे रसिक स्नेही म्हणतात, संगीतांत शब्दाला अर्थ शोधणें हेंच अरसिकपणाचें लक्षण. आम्हांस दोघांचेंहि बोलणें घाईचें वाटतें, कारण हा वाद अमेरिकेंत जन्मलेला नाहीं. तो आपल्याच घरांतला, दोन अडीच हजार वर्षांचा आहे. यास्काच्या निरुक्तांत कौत्स नांवाच्या आचार्याचें मत नमूद आहे. त्याचें म्हणणें असें कीं, मंत्रांना अर्थच नाहीं. यास्कानें त्याचें खंडन करतांना आंधळ्याची व खुंटाची जी उपमा दिली ती पंडितांस सुपरिचित आहे. न दिसणें हा खुंटाचा दोष नव्हे, असा तिचा आशय. पण खंडन करावें लागलें, यावरूनच कौत्साचें मत उपेक्षणीय नव्हतें हें उघड होतें. सामवेद्यांचें गायन पाहा. ऋचेचे शब्द ताणले जातात, तोडले जातात, आणि मधून मधून ज्यांना कोशांत अर्थ नाहीं अशीं अक्षरें घातलीं जातात. त्यांना शास्त्रांत 'स्तोभ' म्हणतात. विल्यम्स यांनीं संस्कृत शब्दांची केलेली मोडतोड पाहून जो शास्त्री कपाळाला आंठ्या घालील, त्यानें आधीं सामगान ऐकावें. फ्रिट्स स्टाल या डच पंडितानें तर १९७५ सालीं केरळांतील पांजळ येथें नंबुदिरी ब्राह्मणांनीं केलेलें अग्निचयन स्वतः पाहून, त्याचें चित्रण करवून, पुढें १९८९ सालच्या आपल्या ग्रंथांत कौत्साचीच बाजू नव्यानें मांडली: विधि आणि मंत्र हे अर्थावांचूनचे नियम आहेत, त्यांचें नातें भाषेपेक्षां पक्ष्यांच्या गाण्याशीं अधिक जवळचें आहे.

शिवाय आपण आपल्या घरांत तरी काय करतों? सत्यनारायणाच्या पूजेला बसलेला यजमान पुरोहितामागून जे शब्द उच्चारतो त्यांतील किती त्यास कळतात? लग्नांत मंगलाष्टकें चालूं असतां मंडळींचें लक्ष अक्षता टाकण्याचा क्षण केव्हां येतो इकडे असतें. शके १२१२ त ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत आणला, तो ही उणीव त्यांस दिसली म्हणूनच. सातशें वर्षांनंतरहि आपण अर्थावांचून म्हणतों, आणि तरीहि त्यास विटंबना म्हणत नाहीं. तेव्हां 'ऐकणाऱ्यास कळत नाहीं' हा दोष बोलपटवाल्यांच्या माथीं मारतांना आपला आवाज थोडा खालीं असलेला बरा.

पण म्हणून रसिकांचा पक्ष सिद्ध झाला, असें मात्र आम्ही मानीत नाहीं. यासाठीं डेव्हिस यांनीं घेतलेली प्रार्थना मुळांत कोठें आहे, तें पाहिलें पाहिजे. बृहदारण्यकाच्या पहिल्या अध्यायांत तिसरें ब्राह्मण आहे. त्याचा आरंभ देव आणि असुर यांच्या स्पर्धेनें होतो. देवांनीं ठरविलें कीं, यज्ञांत उद्गीथ गाऊन असुरांना जिंकावयाचें; म्हणजे येथें गाणें हेंच शस्त्र आहे. त्यांनीं प्रथम वाणीस गावयास सांगितलें. वाणी गायिली, पण वाणीपासून मिळणारा भोग तिनें देवांस दिला आणि सुंदर बोलणें तेवढें स्वतःकरितां राखून ठेविलें. असुरांनीं तेवढेंच हेरलें व तिला पापानें विद्ध केलें. नाक, डोळे, कान, मन यांचीहि तीच गत झाली. शेवटीं मुखांतील प्राण गायिला. त्यावर चालून आलेले असुर, दगडावर आपटलेलें मातीचें ढेंकूळ फुटावें तसे फुटले. या कथेच्या शेवटीं ती प्रार्थना येते, आणि ती कशी म्हणावी हेंहि सांगितलेलें आहे: प्रस्तोता साम गाऊं लागेल त्या वेळीं यजमानानें तिचा जप करावा. गाणारा निराळा, जपणारा निराळा. एवढ्यावर न थांबतां उपनिषद् लगेच तिचा अर्थहि उलगडून सांगतें. असत् म्हणजे मृत्यु, सत् म्हणजे अमृत. ज्या शब्दांचा अर्थ न कळला तरी चालेल, त्यांवर उपनिषत्काराने असें भाष्य जोडलें नसतें.

हें वाचल्यावर त्या चित्रपटाकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. दिसतें तें जग खरें नसून खऱ्याकडे जावयाचें आहे, हाच त्या कथेचा गाभा. दोन पक्षांचें युद्ध आहे, आणि नायकाला जय मिळतो तो स्वतःसाठीं कांहीं न ठेवितां. डेव्हिस यांनीं प्रार्थना निवडली ती आंधळेपणानें नव्हे, हें मान्य केलें पाहिजे. जो जप ओंठांतल्या ओंठांत व्हावयाचा, तो त्यांनीं नगाऱ्याच्या घोषांत नेला, हें आमच्या कानाला खटकतें खरें. पण खटकणें म्हणजे अन्याय नव्हे. विल्यम्स यांच्यावर तर आरोपच ठेवतां येत नाहीं. त्यांनीं कोणाचें पवित्र वचन घेतलें नाहीं. घेतली ती भाषा, आणि भाषा ही कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेली जमीन नव्हे.

१९९९ सालचेंच तिसरें उदाहरण मात्र वेगळें आहे. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या 'आइज वाइड शट' या चित्रपटांत मुखवटे घातलेल्या स्त्रीपुरुषांच्या विलासाच्या प्रसंगीं जोसेलिन पूक यांच्या एका रचनेंतून गीतेंतील साधूंच्या परित्राणाचा श्लोक ऐकूं येत होता. हिंदु समाजांतून निषेध झाला व निर्मात्यांनीं तो श्लोक काढून टाकला. त्याच चित्रपटांत रुमानियन ख्रिस्ती उपासनेचें ध्वनिमुद्रण उलटें वाजविलेलें आहे, हें ज्यांस ठाऊक आहे ते म्हणतील कीं, येथें एकट्या हिंदूंवर रोष नव्हता. खरें आहे. १९७६ सालच्या 'दि ओमेन' या चित्रपटांत जेरी गोल्डस्मिथ यांनीं तर ख्रिस्ती प्रार्थनेचें लॅटिन वळण घेऊन तें सैतानाच्या स्तुतीला लाविलें, आणि त्याबद्दल त्यांस ऑस्कर पारितोषिक मिळालें! पण गोल्डस्मिथ यांना आपण काय उलटें करीत आहों हें नेमकें माहीत होतें. ज्यांच्या प्रार्थनेचें त्यांनीं विडंबन केलें त्यांच्यांतच त्यांचे श्रोते होते, व त्यांना तें कळत होतें. गीतेचा श्लोक तेथें आला तो केवळ दूरदेशीचा गूढ आवाज म्हणून. सुंदर बोलणें तेवढें स्वतःकरितां ठेवणाऱ्या वाणीची गोष्ट आम्हांस आठवली ती येथें.

म्हणजे आमच्या मतें कसोटी ऐकणाऱ्याच्या आकलनाची नाहीं, करणाऱ्याच्या जबाबदारीची आहे. फिलिप ग्लास यांचें 'सत्याग्रह' हें संगीतनाटक १९८० सालीं रॉटरडॅम येथें प्रथम झालें. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेंतील लढ्यावर तें आहे. त्यांतील सारे बोल भगवद्गीतेंतून निवडलेले, मूळ संस्कृतांत, आणि रंगभूमीवर त्यांचें भाषांतर होऊं नये हा ग्लास यांचा हेतुपुरस्सर आग्रह. रॉटरडॅमच्या श्रोत्यास 'फँटम मेनेस'च्या प्रेक्षकाइतकेंच संस्कृत कळलें असणार. परंतु कोणता श्लोक कोणत्या प्रसंगीं कां, याचा विचार तेथें ओळीओळीला केलेला आहे. श्रोत्याला न कळलेला अर्थ कर्त्यानें त्याच्या वतीनें वाहिलेला आहे.

आतां विद्युत्-ध्वनीकडे पुन्हां वळलें पाहिजे, कारण खरी अडचण तेथें आहे. १९६३ सालीं इंग्लंडांत 'मेलोट्रॉन' नांवाचें वाद्य निघालें. पेटीसारख्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीखालीं ध्वनिफितीचा तुकडा, त्यावर माणसांच्या समूहाचा एक एक सूर मुद्रित करून ठेवितां येई. आज संगणकावर याच्या कितीतरी पुढची सोय आहे. समूहगायकांनीं एकदां सुटे सुटे वर्ण गाऊन ठेवावे, आणि रचनाकारानें हवीं तीं अक्षरें टंकित करावीं. यंत्र तीं जोडून शंभर कंठांच्या आवाजांत गातें. उद्या कोणी उपनिषदांतील हीच प्रार्थना त्यांत घातली, तर ती निर्दोष उच्चारली जाईल. पण ती कोणीहि म्हटलेली नसेल. ज्या गायकांचा तो कंठ, त्यांनीं फक्त 'अ', 'स', 'त' असे सुटे ध्वनि दिले होते. प्रार्थनेशीं त्यांची गांठच पडली नाहीं.

आणि येथें उपनिषदाची कथा आम्हांस पेंचांत पाडते. प्राणाला असुर विद्ध करूं शकले नाहींत, कारण त्यानें स्वतःसाठीं कांहीं राखलें नाहीं. यंत्र तरी स्वतःसाठीं काय राखतें? त्या न्यायानें तेंच आदर्श उद्गाता ठरावें! हा युक्तिवाद एका विद्यार्थ्यानें आमच्यापुढें केला होता, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. आमचें उत्तर असें कीं, निःस्पृहता हा गुण त्याचाच, ज्याला स्पृहा होऊं शकते. प्राणाला लोभ होणें शक्य होतें. इतर पांचांना झालाच होता. ज्यावर पापाचा घाव पडूंच शकत नाहीं तें अजिंक्य असेल, पण तें युद्धांत उतरलेलेंच नाहीं. डेव्हिस यांच्या समूहांतील गायकांस संस्कृत येत नसेल. तरी ते शब्द त्यांच्या छातींतील वाऱ्यानें बाहेर आले होते, चुकण्याची भीति त्यांस होती, आणि अर्थ विचारण्याची मोकळीक होती. त्यांतील एखाद्यानें घरीं जाऊन तो विचारलाहि असेल.

हा विचार परदेशांतील चित्रपटांपुरता ठेवितां आला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. पण आपल्या बाजारांत प्लास्टिकची एक लहानशी पेटी मिळते. ती विजेच्या खटक्याजवळ खोंचून ठेविली म्हणजे गायत्रीमंत्र अथवा दुसरा एखादा जप रात्रंदिवस चालूं राहतो. आम्ही ती अनेक सुशिक्षित घरांत पाहिली आहे. लावणारीं माणसें भाविक आहेत, आणि घरांत मंगल नाद असावा या त्यांच्या इच्छेंत आम्हांस वावगें दिसत नाहीं. सकाळीं नऊच्या सुमारास मुलें शाळेंत जातात, नवराबायको कचेरीची वाट धरतात, दाराला कुलूप लागतें. संध्याकाळीं तें उघडेपर्यंत आंत मंत्र चाललेला असतो, आणि बुद्धीला प्रेरणा मिळावी म्हणून त्यांत जें मागणें आहे तें मागणारें त्या वेळीं घरांत कोणीच नसतें.