वंश, कापूस आणि दाखला

कातडीचा रंग, नाकाची ठेवण किंवा केसांचा पोत यांवरून मानवजातीचे कायमचे गट पाडता येतात आणि त्या गटांची बुद्धी व शीलही जन्मतःच ठरलेले असते, या समजुतीला वंशकल्पना म्हणतात. शरीराशरीरांत फरक असतात हे कोणीच नाकारत नाही. त्या फरकांवरून गट कोणी, केव्हा आणि कशासाठी पाडले, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की मानवातील आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत सापडते आणि तथाकथित वंशांमधील फरकाच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के येते. म्हणजे शरीरात नसलेली भिंत समाजाने बांधली. मात्र तिच्या पलीकडे ढकललेल्या माणसाची उपासमार, त्याला नाकारलेली शाळा आणि त्याच्यावर बसलेला गुन्हेगारीचा शिक्का हे सारे पूर्णपणे खरे असते.

ही भिंत बांधण्यामागे श्रमाचा हिशेब होता आणि वर्धा जिल्ह्यातील देवळीसारख्या कापसाच्या गावाचा त्या हिशेबाशी जवळचा संबंध आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये कायदा केला की मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरेल. त्यामुळे गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मूल, बाप गोरा मालक असला तरी, गुलामच ठरले आणि काळेपणा हा रंग न राहता पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा दर्जा झाला. पुढे अशाच गुलामांनी वेचलेल्या कापसावर इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या चालल्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन तो कापूस अडला, तेव्हा गिरणीमालकांची नजर वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातील काळ्या जमिनीकडे वळली, आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. मिसिसिपीकाठचा गुलाम आणि देवळीच्या शिवारात पऱ्हाटी लावणारा शेतकरी एकमेकांना कधीच भेटले नाहीत, पण दोघांचे जगणे एकाच बाजाराच्या भावाने बांधले गेले. जोतीराव फुल्यांनी १८७३ चे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले, त्यामागे हेच नाते ओळखणारी दृष्टी होती.

कापसाबरोबर मोजपट्टीही आली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नासिकांक, म्हणजे नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण, घेऊन जातींची उतरंड वंशाच्या आधारे लावण्याचा घाट घातला. शरीरे मोजून वंश ठरवणाऱ्या या शास्त्राचा दावा त्याच्याच प्रयोगशाळेत तपासण्याचे काम एका मराठी स्त्रीने केले, हे पुरेसे सांगितले जात नाही. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन केले. गोऱ्यांच्या कवटीची विषमता अधिक असते आणि त्यातून त्यांची श्रेष्ठ बुद्धी सूचित होते, असा फिशर यांचा कयास होता. युरोपीय आणि वसाहतींतून नेलेल्या कवट्या मोजून, वंशाचा आणि कवटीच्या विषमतेचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष इरावतीबाईंनी मांडला. ज्या देशात थोड्याच वर्षांत, १९३५ मध्ये, न्यूरेंबर्गचे वंशकायदे झाले, तेथे एका तरुण विद्यार्थिनीने आपल्याच मार्गदर्शकाविरुद्ध असे लिहिणे हे मोठे धैर्य होते. पुढे त्यांनी महाराष्ट्रातील जातींचीही शरीरमापे घेतली, यावरून मोजण्याची ओढ त्या काळाच्या विद्येत किती खोल मुरली होती हे कळते.

जातीला वंश मानणाऱ्या विचाराला महाराष्ट्रातून दोन उत्तरे मिळाली. फुल्यांनी उच्चवर्णीय हे बाहेरून आलेल्या आर्यांचे वंशज आहेत, ही आर्यांच्या आक्रमणाची तत्कालीन कल्पना स्वीकारून ती शोषकांवर उलटवली, तर बाबासाहेब आंबेडकरांनी ती मुळातूनच नाकारली. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात त्यांनी नासिकांकाचेच आकडे पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असा युक्तिवाद केला. या दोन मार्गांपैकी आंबेडकरांचा मार्ग अधिक दूरवर नेणारा आहे, कारण विषमतेला रक्ताचा आधार लागतच नाही, हे त्यातून स्पष्ट होते. २००१ मध्ये डर्बन येथील वंशवादविरोधी परिषदेत जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. शब्दशः ती बरोबर असली तरी जन्मावरून माणसाचा दर्जा ठरवण्याची रीत दोन्हीकडे तीच आहे, हा दलित संघटनांचा मुद्दा त्यामुळे खोडला जात नाही.

या रीतीचा सर्वांत उघडा नमुना वर्धा जिल्ह्यातील पारधी बेड्यांवर, म्हणजे पारध्यांच्या वस्त्यांवर, आजही दिसतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमात जन्मतः गुन्हेगार मानण्याची सोय केली. पुढे तो देशभर पसरला आणि पारधी त्याच्या कचाट्यात सापडले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की संशय आधी बेड्याकडे वळतो. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात. मात्र जमातीचा दाखला आणि पुढे त्याची पडताळणी यांसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांना शाळेत बसू दिले नाही, शेतसारा भरण्याइतकी जमीन मिळू दिली नाही आणि एका गावात टिकू दिले नाही, त्यांच्या घरी असा कागद कोठून असणार? ज्या व्यवस्थेने त्यांना जन्मावरून हुडकून काढले, तिनेच आता त्यांच्या जन्माचा पुरावा त्यांच्याकडे मागावा, हा उघड अन्याय आहे. महसूल अधिकाऱ्यांनी बेड्यावर जाऊन गृहचौकशी करावी आणि ज्येष्ठांच्या जबान्या कागदाइतक्याच ग्राह्य धराव्यात. एवढे झाले तरी देवळी तालुक्यातील पारधी मुलांच्या वाटेतला मोठा अडसर दूर होईल.