भयानकाचा आस्वाद आणि भयाचा अंमल

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सिलतऱ्याची औद्योगिक वसाहत लागली की कडेच्या झाडांचा हिरवा रंग काळ्या धुळीखाली दबलेला दिसू लागतो. आणि स्पंज आयर्नच्या ज्या फिरत्या भट्ट्यांत लोहखनिज व कोळसा सुमारे हजार अंशांपर्यंत तापविले जातात, त्यांच्या पायथ्याशी रात्रपाळीची हजेरी लागत असते. तापलेला धातू, विषारी वायूची गळती, उंचावरचे अरुंद कठडे, ठेकेदाराच्या मर्जीवर टांगलेली नोकरी अशी भयाची कारणे येथे पदोपदी हजर असतात. तरीही पाळी संपवून भाड्याच्या खोलीत परतलेला एखादा तरुण कानांत इअरफोन घालून मोबाइलच्या पडद्यावर भुताचा चित्रपट लावतो, तेव्हा खऱ्या संकटाच्या सोबतीने राहणाऱ्या या माणसाने आणखी भय पदरचे पैसे मोडून का घ्यावे, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. विरंगुळा हे उत्तर अपुरे आहे, कारण विरंगुळ्याला हास्यरस पुष्कळ आहे. मला वाटते, भट्टीजवळच्या भयाला ना चेहरा असतो ना समाप्ती, तर पडद्यावरील भयाला चेहरा असतो आणि दोन-अडीच तासांत त्याचा निकाल लागतो. हा निकालच तो विकत घेत असावा.

या व्यवहारात शरीराची फसवणूक होते, आणि ती अर्धवटच होते. मेंदूतील बदामाच्या आकाराचे जे केंद्र संकटाची पहिली वर्दी देते, ते विचाराच्या तजविजीसाठी थांबत नाही. वर्दी पोहोचताच अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, हृदयाची गती वाढते, बाहुल्या विस्फारतात, कातडीतील रक्तवाहिन्या आकसून चेहरा फिका पडतो, आणि केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू ताणले जाऊन अंगावर काटा उभा राहतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. ते सर्व रसांना साधारण असले, तरी भयाच्या प्रसंगी त्यांतील बहुतेक सर्व एकदम हजर होतात, आणि आजच्या शरीरशास्त्रज्ञाला त्या यादीत खोडण्यासारखे फारसे काही सापडणार नाही.

नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी याची थोडी अधिक बारकाईने चौकशी केली. त्यांनी चोवीस निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक निरुपद्रवी माहितीपट असे दोन्ही दाखवून त्यांचे रक्त तपासले, आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: भयपटानंतर रक्त साकळण्यास साहाय्य करणारा आठवा घटक वाढतो, पण प्रत्यक्षात गुठळी तयार होण्याची क्रिया सुरू झालेली दिसत नाही. शरीर जखमेची सिद्धता करते आणि जखम होत नाही म्हणून तेथेच थांबते. मात्र उसळलेला क्षोभ पडदा मिटताच ओसरत नाही. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांच्या मते हा शिलकी क्षोभच पुढच्या सुटकेच्या भावनेत मिसळून तिला अधिक तीव्र करतो, आणि चित्रपटगृहातून बाहेर पडणारा माणूस उगाचच मोठ्याने हसतो. तोच क्षोभ घेऊन अंथरुणावर पडलेल्याची झोप मात्र उडते. आणि पहाटे परतून दिवसा झोपणाऱ्या कामगाराची झोप आधीच उसनवारीची असते.

पण शरीर इतके हललेले असताना मनाला त्यात गोडी का वाटावी? येथे मला नाट्यशास्त्राचे भाष्यकार अभिनवगुप्त यांचे विवेचन अजूनही सर्वांत समर्पक वाटते. भयानक रसाचे उदाहरण म्हणून त्यांनी शाकुंतलाच्या आरंभीचे, दुष्यंताच्या रथापुढे पळणारे हरिण घेतले, आणि असे दाखविले की प्रेक्षकाच्या प्रतीतीत ते भय ना त्या हरिणाचे राहते, ना प्रेक्षकाचे स्वतःचे. स्थळकाळाच्या आणि 'मी'पणाच्या बंधनातून सुटल्यामुळेच ते आस्वाद्य होते. म्हणजे भयापासून अंतर हवे, पण तेही बेताचे. डेन्मार्कमधील एका भीतीच्या करमणूकगृहात ११० माणसांची पाहणी झाली, तेव्हा भय फार कमी पडले तरी आणि फार वाढले तरी आनंद घटतो, मधल्या पट्ट्यात तो सर्वाधिक असतो, असेच आढळले.

हे अंतर राखण्याची तजवीज आपल्या जुन्या चित्रपटांनी दोन प्रकारे केली होती. 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी' (१९६४) यांत अखेरीस भुताच्या जागी मनुष्याचे कारस्थान निघे. प्रेक्षकाला खुलासा मिळे आणि तो निर्धास्त घरी जाई. रामसे बंधूंनी 'पुराना मंदिर' (१९८४) सारख्या चित्रपटांत भुताला भूतच राहू दिले. तेथे अंतर राखण्याचे काम चित्रपटगृहातील गर्दीने केले. अगदी निर्णायक क्षणी मागच्या रांगेतून एखादी शीळ येई, कोणी शेंगा फोडी, आणि शेकडो माणसे एकदम दचकून एकदम हसत. प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राला निदान कागदावर अर्थ होता, कारण दारावर तिकीट पाहणारा इसम उभा होता. मोबाइलने गर्दी आणि दारवान ही दोन्ही काढून घेतली. कानात थेट कुजबुजणारा ध्वनी, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरचा पडदा, आणि एकटेपणा: अभिनवगुप्तांना अपेक्षित असलेली 'मी'पणाची विस्मृती घडण्याऐवजी येथे 'मी'च तेवढा उरतो.

परंतु खरी चिंता मला याहून वेगळ्या ठिकाणी दिसते. सिलतऱ्याच्या भट्ट्यांतून लोखंडाचे ढीग बाहेर पडत असताना छत्तीसगढातील गावांत हरेलीच्या अमावास्येला दारावर कडुनिंबाची डहाळी खोचली जाते आणि लोहार चौकटीला खिळा ठोकून जातो, तो टोनहीचा, म्हणजे चेटकिणीचा, उपद्रव होऊ नये म्हणून. हा आचार एरवी सणाचा गोडवा म्हणून सोडून देता आला असता. पण टोनही ठरविली गेलेली स्त्री पडद्यावरची नसते, बहुधा एकटी, विधवा किंवा चार बिघे जमीन बाळगून असलेली शेजारीण असते. तिच्या छळाला आळा घालण्यासाठी छत्तीसगढाला २००५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आला. जेथे भुतावर विश्वास नाही तेथे भयपट हा खेळ राहतो. जेथे तो आहे तेथे पडद्यावरची मोकळ्या केसांची म्हातारी गावातील संशयाला आयता चेहरा पुरवू शकते. चित्रपट छळ शिकवितो असे मी म्हणत नाही, कारण छळ चित्रपटाहून कितीतरी जुना आहे. परंतु आपल्या भयपटांतील चेटकीण जवळजवळ नेहमी स्त्रीच का असते, याची कैफियत निर्मात्यांनी द्यायला हवी.

समर्थांनी दासबोधातील भ्रमनिरूपणात, मेलेला माणूस स्वप्नात येऊन काही मागून गेला आणि ते मनात ठाण मांडून बसले, तर तो भ्रम, असे रोखठोक सांगितले आहे; आणि त्या दासबोधाचा हिंदी अनुवाद रायपूरशी ज्यांचे आयुष्य जोडलेले होते त्या माधवराव सप्रे यांनी केला. मनात ठाण मांडून बसणे हेच नेमके दुखणे आहे. जोआन कँटर आणि क्रिस्टन हॅरिसन या अमेरिकी संशोधिकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी वा पौगंडावस्थेत पडद्याने दिलेल्या भयाबद्दल विचारले, तेव्हा बहुतेकांना असा एखादा प्रसंग आठवला, आणि सुमारे एकचतुर्थांश जणांत त्याचा काही अंश तोवर टिकून होता. लहान मुलाला 'ते खरे नसते' असे बजावून उपयोग होत नाही, कारण खरे-खोटे वेगळे करण्याची त्याची शक्ती अजून पक्की झालेली नसते. त्याला दिवा लावून, पाठीवर हात ठेवून जवळ घ्यावे लागते, आणि मुखवटा कसा बनवितात हे मोठ्या भावंडाला दाखवावे लागते. औद्योगिक वसाहतीतील एका खोलीच्या बिऱ्हाडात बाप पाहत असलेला चित्रपट मुलाच्याही डोळ्यांवर पडतो, तेथे प्रमाणपत्राचा अंमल बापालाच करावा लागणार.