कढई एक, पथ्य एकट्याचं

जर्मनीत वजन उतरवणारी पावडर विकणाऱ्याला जाहिरातीत एक गोष्ट लिहिता येत नाही: किती दिवसांत किती किलो. युरोपीय महासंघाच्या 2006 सालच्या 1924 क्रमांकाच्या नियमानं खाद्यपदार्थांबाबत असा दावा करायला मनाई केली आहे. ज्या प्रश्नासाठी गिऱ्हाईक दुकानात शिरतं, त्याचंच उत्तर डब्यावर छापायची सोय नाही. परवानगी आहे ती एका रुक्ष वाक्याला. कमी ऊर्जेच्या आहारात दिवसाची दोन मुख्य जेवणं या पावडरीवर भागवली, तर वजन कमी व्हायला मदत होते, इतकंच. मग विकायचं काय? विकली जाते ती पद्धत, आणि पद्धतीमागची गोष्ट.

गोष्टी भरपूर आहेत. लोअर सॅक्सनीतल्या बीनेनब्युटेलची ‘आल्मासेड’ म्हणजे सोया, मध आणि दह्याची पावडर. औषधांच्या दुकानात मिळते, त्यामुळे तिला आपोआप औषधाचा मान मिळतो. ‘ब्रिगिटे’ या महिला मासिकानं 1969 पासून स्वतःच्या नावाचा आहार चालवला. एसेनच्या डॉ. डेटलेफ पापे यांनी ‘झोपेत सडपातळ’ अशी हाक देऊन संध्याकाळच्या जेवणातून पिष्टमय पदार्थ काढून टाकले. बव्हेरियातल्या डॉ. वोल्फ फुनफाक यांच्या ‘मेटाबॉलिक बॅलन्स’मध्ये आधी रक्ताची लांबलचक तपासणी होते आणि मग तुमच्या नावाचा तक्ता हाती येतो. आणि सगळ्यांत जुनी, अमेरिकेतून आलेली ‘वेट वॉचर्स’: खाल्ल्याचे गुण मोजा, आठवड्याला काट्यावर उभे राहा, चार जणांत बसा.

यांतली कुठली चांगली? संशोधकांनी जिथे नीट तुलना केली, तिथे उत्तर जरा निराश करणारं निघालं. स्टॅनफर्डच्या 2018 सालच्या प्रयोगात 609 लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवलं. कमी स्निग्धांशवाल्यांचं वजन सरासरी 5.3 किलोंनी उतरलं आणि कमी पिष्टवाल्यांचं 6.0 किलोंनी, म्हणजे फरक नसल्यातच जमा. पण दोन्ही गटांत काहींचं वजन खूप उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. 2011 मध्ये ‘लॅन्सेट’नं जर्मनी, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या 772 रुग्णांचा अभ्यास छापला. डॉक्टरांनी ‘वेट वॉचर्स’कडे पाठवलेल्यांचं वजन वर्षात सरासरी पाच किलोंनी उतरलं, नेहमीचा दवाखान्यातला सल्ला मिळालेल्यांचं सव्वादोन किलोंनी. खर्च त्याच कंपनीनं उचलला होता, हे ध्यानात ठेवावं. मला मात्र दुसराच आकडा बोलका वाटतो. कंपनीच्या गटातलेसुद्धा फक्त 61 टक्केच वर्षभर टिकले. ताटात काय आहे यापेक्षा ते ताट किती दिवस चालतं, यावर सगळं अवलंबून.

टिकत का नाही, याची कारणं बहुतेक मनोबलात शोधली जातात. मी ती स्वयंपाकघरात शोधतो.

जर्मन घरातलं संध्याकाळचं जेवण बहुधा थंड असतं. टेबलावर पाव, चीज, सॉसेज, काकडी मांडलेली. ज्यानं त्यानं आपला पाव आपण लावून घ्यायचा. यातून एकानं पाव वगळून अंडं आणि क्वार्क नावाचं मऊ चीज घेतलं, तर बाकीच्यांना काही फरक पडत नाही. पापे यांचा आहार या टेबलावर अलगद बसतो. म्युनिक किंवा श्टुटगार्टमधल्या मराठी घरात मात्र रात्री कढई चढते. एकच वरण, एकच भाजी, पोळ्यांची एकच चळत. शाकाहाऱ्याचं बरंचसं प्रथिन डाळीत, आणि त्याच डाळीत पिष्टही. ‘रात्री पिष्ट नको’ हा नियम पाळायचा तर वरणही जातं. ‘मेटाबॉलिक बॅलन्स’ सांगतो, एका जेवणात एकाच प्रकारचं प्रथिन. वरणभातावर वाटीभर दही घेतलं की नियम मोडला. ‘वेट वॉचर्स’नं अलीकडच्या पद्धतींत डाळींना शून्य गुण दिले, ही मोठीच मेहरबानी, पण फोडणीच्या तेलाचे गुण भाजी वाढणाऱ्या डावाला कसे वाटून द्यायचे?

म्हणून अशा घरात एकानं आहार सुरू केला की दोन स्वयंपाक होतात, आणि दुसरा स्वयंपाक करणारी बहुतेक वेळा स्वतः त्या आहारावर नसते. या श्रमाची किंमत कुठल्याच योजनेच्या माहितीपत्रकात नसते.

इथे महाराष्ट्रातले डॉ. जगन्नाथ दीक्षित आठवतात. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत त्यांनी सांगितलं: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा, आणि जेवण 55 मिनिटांत आटपा. गंमत म्हणजे ‘मेटाबॉलिक बॅलन्स’चा नियम आहे तीन जेवणं, मध्ये पाच तासांचं अंतर, आणि एक जेवण साठ मिनिटांपेक्षा लांबवायचं नाही. दोन्हीकडे वारंवार इन्सुलिन स्रवू नये हीच गोष्ट, फक्त एकीकडे रक्ततपासणी आणि बिल, दुसरीकडे फुकट व्याख्यान आणि व्हॉट्सअ‍ॅप गट. 55 मिनिटांचं शास्त्र मला पटत नाही. इन्सुलिन घड्याळ पाहून स्रवत नाही. पण हा आहार महाराष्ट्रात इतका का पसरला, ते पटतं. त्यानं कढईला फारसा हातच लावला नाही. गोड कमी करा म्हटलं, बाकी घरात जे शिजतं तेच जेवायचं, फक्त वेळ बदलायची. करणारीला वेगळं काही रांधावं लागत नाही. जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसांनीही तो उचलला, यात नवल नाही. कार्यालयात दुपारचा डबा, घरी रात्रीचं जेवण, मधल्या वेळचा केक नाकारायला एक कारण.

आणि जर्मन राज्ययंत्रणा वजन उतरवण्याच्या या खटाटोपाकडे कशी पाहते? आरोग्य विमा तपासून मान्य केलेल्या आहार-अभ्यासक्रमांचा काही खर्च देतो. 2020 पासून लठ्ठपणासाठीचं अ‍ॅपसुद्धा डॉक्टर लिहून देऊ शकतात, आणि पैसे विमा भरतो. पण 2023 च्या जुलैमध्ये आलेल्या ‘वेगोव्ही’ या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचे पैसे माणसानं स्वतःच्या खिशातून द्यायचे. कारण सामाजिक विम्याच्या कायद्यातलं 34 वं कलम वजन उतरवणारी औषधं केस उगवणाऱ्या आणि पौरुष वाढवणाऱ्या औषधांच्या पंगतीत बसवतं: जीवनशैलीचा मामला, विम्याबाहेर. इंजेक्शनचे तोटे आणि दर काहीही असोत, ते कढईला हात लावत नाही. भूकच कमी करतं, घरातलं जेवण जसंच्या तसं ठेवतं. अ‍ॅप मात्र रोज विचारतं, आज काय खाल्लं, किती ग्रॅम. आणि वरण पातळ होतं की घट्ट, हे सांगायला माणूस स्वयंपाकघराकडे वळतो, कारण शिजवणारी दुसरीच असते.