सुखासीन हा शिक्का मारण्याआधी

उमेदवाराकडून व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घ्यायची आणि आलेल्या चार अक्षरांवरून त्याची लायकी ठरवायची, ही पद्धत आता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नवी राहिलेली नाही. माझ्या परिचयातल्या एका मुलीला अशाच चाचणीनंतर सांगण्यात आलं, की तू ‘सेन्सिंग’ आहेस, तुला सोय लागते, नव्या कामाची धडाडी तुझ्यात नाही. खोलीत पाऊल टाकताच कोण उपाशी आहे आणि कुणाचं डोकं ठणकतंय हे ओळखणारी ही मुलगी. तिचा सर्वांत मोठा गुण तिची उणीव म्हणून कागदावर नोंदला गेला. मला याची चीड येते. या निवाड्याला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचा आधार दिला जातो, याची तर अधिकच.

देहावरून स्वभाव सांगण्याची हौस जुनी आहे. चरकाच्या प्रकृती, गेलनचे चार द्रव, क्रेचमरचे देहप्रकार ही त्याच हौसेची रूपं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डननं १९४२ साली शरीरसुखाची ओढ, जेवणातलं समाधान आणि निवांतपणा एकत्र बांधून त्यांना ‘व्हिसेरोटोनिया’ असं नाव दिलं आणि ते गोलसर बांध्याच्या माणसांना चिकटवलं. बांधा जोखणारा तोच आणि स्वभाव जोखणाराही तोच, म्हणून त्याचं गणित जुळत गेलं. शेल्डन मागे पडला. आराम आवडणारा माणूस जड आणि मंद असतो, हा समज मात्र अजून हलायला तयार नाही.

युंगनं यातलं काहीच म्हटलेलं नाही. १९२१ च्या ग्रंथात अंतर्मुख संवेदनाविषयी, म्हणजे आत वळलेल्या ‘सेन्सिंग’विषयी लिहिताना तो चित्रकारांचं उदाहरण देतो: अनेकांनी एकच निसर्गदृश्य प्रामाणिकपणे रंगवलं तरी चित्रं वेगवेगळी होतात, कारण प्रत्येकाच्या आत उमटणारा ठसा वेगळा असतो. त्याला कुतूहल होतं ते या ठशाचं. गादी, ऊब, जेवण यांचा तिथे संबंध नाही. त्याच्या वर्णनातला हा माणूस उलट इतरांना दुर्बोध वाटणारा, आपल्या आतल्या प्रतिमांत राहणारा आहे. पुढे इसाबेल मायर्सच्या चाचणीत, म्हणजे चार अक्षरांच्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीत, जी १९६२ साली प्रसिद्ध झाली, संवेदनाचा अर्थ तपशील, वस्तुस्थिती आणि व्यवहार असा झाला. आराम तिथेही नव्हता.

आराम आला तो व्हिल्नियसमध्ये, १९७० च्या दशकात. हे वळण बहुतेक जण चुकीचं वाचतात. लिथुएनियाच्या आउश्रा आउगुस्तिनाविचूते यांनी युंगचे प्रकार घेतले आणि त्यांना पोलिश मनोविकारतज्ज्ञ आन्तोनी केंपिन्स्की यांच्या कल्पनेची जोड दिली. सजीव जसा बाहेरून ऊर्जा घेतो आणि पचवतो, तशीच माहितीही घेतो आणि पचवतो, असं केंपिन्स्की मानत. मग अंतर्मुख संवेदन म्हणजे काय? शरीराच्या अवस्थेची माहिती. ऊब, थकवा, चव, अंग आखडणं, बरं वाटणं. आउगुस्तिनाविचूते यांच्या मांडणीत आराम ही आवड राहिली नाही, ती जाणण्याची रीत झाली. डोळ्यांना रंग दिसतो तसं या माणसाला स्वास्थ्य दिसतं, स्वतःचं आणि शेजारच्याचंही. वाचणारे मात्र यातलं ‘स्वास्थ्य’ तेवढं उचलतात, त्यातलं जाणणं गाळतात आणि शेल्डनच्याच जागी परत येतात.

मला दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केंपिन्स्की स्पेनमधल्या मिरांदा दे एब्रोच्या छावणीत कैदी होते आणि पुढे क्राकूवमध्ये त्यांनी आउश्वित्झमधून वाचलेल्यांचा अभ्यास केला. देहाची सोय हिरावली की माणसाचं काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. दुसरी गोष्ट अशी, की आउगुस्तिनाविचूते स्वतःला ‘डॉन क्विक्झोट’ प्रकारात धरत, म्हणजे कल्पनांमागे धावणाऱ्यांत. त्यांच्या मते त्याचा पूरक जोडीदार ‘द्यूमा’, म्हणजे अंतर्मुख संवेदन हाच ज्याचा मुख्य गुण तो प्रकार. स्वयंपाकावर मोठा कोश लिहिणाऱ्या फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमाचं हे नाव आहे. म्हणजे या गुणाचं मोल लिहून ठेवलं ते तो कमी असलेल्या बाईंनी, ज्यांना दुसऱ्याच्या हातून तो हवा होता त्यांनी. यात हलकेपणा कुठे आहे?

त्यांच्या पद्धतीला भक्कम प्रयोगांचा आधार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तरीही त्या ज्या जाणिवेविषयी बोलत होत्या ती खरी आहे आणि मोजता येते. शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदनांचा वेगळा वर्ग शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टननं १९०६ मध्येच मांडला होता. प्रयोगशाळेत माणसाला नाडीला हात न लावता ठरावीक वेळात आपले हृदयाचे ठोके मोजायला सांगतात आणि ती संख्या यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहतात. या पद्धतीवरही आक्षेप आहेत. पण अशा अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली: मला माझं शरीर नीट कळतं असं वाटणं वेगळं आणि ते खरोखर कळणं वेगळं. ‘तुम्हाला आराम आवडतो का’ असल्या प्रश्नावर खुणा करून ही जाण सापडणार नाही.

आपल्या घरांत मात्र देहाची अवस्था जाणण्याचं हे काम चालूच असतं. पाहुण्याच्या पाठीशी न विचारता तक्क्या सरकवणं, बाळंतिणीच्या खोलीतली झुळूक ओळखून खिडकी लोटणं, आजाऱ्याची कूस किती वेळानं बदलायची हे घड्याळाविना जाणणं. बहुतेकदा हे बायका करतात आणि त्याची गणना कौशल्यात होत नाही. तीच मुलगी कचेरीत गेली की तिला सुखासीन म्हणतात.

मायर्स-ब्रिग्ज चाचणी नोकरभरतीसाठी वापरू नये, असं ती प्रसिद्ध करणारेच सांगतात. मनुष्यबळ विभागांनी निदान तेवढं पाळावं.